पवनाकाठी ‘पेट फ्रेंडली’ वीकएंड
फ्रायडेला ऑफिसातून थेट कामशेत, तिथून पवना. समोर तिकोना, पलीकडे तुंग, पाण्यालगत तंबू आणि बार्बेक्यूचा धूर. फुल टू रिलॅक्स! पाटी मात्र ‘पेट फ्रेंडली’ची. फ्रेंडली राहायची जबाबदारी बहुधा आमचीच.

शेजारच्या तंबूतल्या लॅब्रडोरने आमचं चिकन पळवलं. हसलो. मग त्याने आमच्या दारातच शी केली आणि मालक हेडफोन लावून बसलेला. तरी गप्प. रात्री दुसऱ्या ग्रुपचा जर्मन शेफर्ड पट्ट्याविना फिरत होता. चहा आणणाऱ्या केअरटेकरच्या मुलाच्या पोटरीला त्याने चावा घेतला. ‘अरे, तो खेळतोय,’ मॅडम म्हणाल्या. लसीकरणाचं कार्ड? घरी, पुण्यात.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, हे मैत्रिणीला ठाऊक होतं म्हणून बरं. मग पोराला गाडीत घालून रेबीजच्या इंजेक्शनसाठी सरकारी दवाखाना गाठला. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ अशा निष्काळजीपणासाठीच आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार करूया म्हटलं, तर पोराचे वडील हळूच म्हणाले, ‘जाऊ द्या ताई, गिऱ्हाईक आहेत.’

सकाळी परतलो तेव्हा मॅडम चेकआउट करून गेल्या होत्या. इंजेक्शनचे पुढचे डोस बाकी होते.