लिहून देणार, लिहून घेणार

खरेदीखतात महत्त्वाची माणसे दोनच. एक 'लिहून देणार' आणि दुसरा 'लिहून घेणार'. साक्षीदार, वकील, दलाल ही सारी समासातली मंडळी. गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आहे. कर्ता कोण आणि कर्म कोणते हे मुलांना शेकडो वेळा समजावून दिले. पण गेल्या वर्षी एकाच महिन्यात लिहून देण्याची आणि लिहून घेण्याची अशा दोन्ही पाळ्या माझ्यावर आल्या, तेव्हा या दोन शब्दांचा अर्थ समजायला मला एक दलाल लागला.

आमचे अंबाजोगाईचे जुने घर वडिलांनी 1974 साली नोकरीच्या पैशातून घेतलेले. दगडी भिंती, वर माळवद, ढाळजेत समोरासमोर दोन ओटे, भिंतीत धान्याचे बळद. आईवडील गेले. पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायला माणूस मिळेनासा झाला. शेवटी ते विकायचे आणि कॉलेजच्या बाजूला सिमेंटचे घर घ्यायचे ठरले. हे जमवून देणाऱ्या गृहस्थांना सारे गाव नाना म्हणते. दलाल या शब्दाला आपल्या वाङ्मयात फारशी प्रतिष्ठा नाही. मीही त्यांच्याकडे गेलो तो खिसा सांभाळतच!

नानांचा पहिला सल्ला मोठा चमत्कारिक होता. "सर, गिऱ्हाईक येईल तेव्हा तुम्ही घरात थांबू नका."

"का बरे?"

"तुम्ही बोलाल."

मी थांबलो, आणि अर्थात बोललो. दहावीचा अभ्यास केला तो कोनाडा दाखवला, आईची तुळस दाखवली. गिऱ्हाईक टेप लावून अंगण मोजत होते. मधेच त्यांनी मान वर करून एवढेच विचारले, "माळवद पाडायला किती खर्च येईल?" त्यांचा तरी काय दोष? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जड माळवदे आणि दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तेव्हापासून मराठवाड्यातला माणूस जुन्या घरात शिरला की आधी वर बघतो.

ते गेल्यावर नाना म्हणाले, "सर, तुम्ही घर विकताय, ते जागा घेतायत. भाव जागेचा ठरतो. आठवणींना रेडी रेकनरमध्ये रकाना नाही."

घेणाऱ्याला द्यायचे सल्ले त्यांच्याकडे याहून अधिक होते. घराचे गुण मालक सांगतोच, आपण दोष शोधावेत. घर दोनदा बघावे, एकदा वैशाखात पाण्यासाठी आणि एकदा आषाढात गळतीसाठी. नळ किती दिवसांनी येतो ते मालकाला विचारू नये, शेजारणीला विचारावे. आमच्या बीड जिल्ह्यात पाण्याची चौकशी केल्यावाचून सोयरीक होत नाही, मग घर कसे घ्यावे? घरपट्टीवर नाव आहे म्हणून मालकी आहे असे समजू नये. मिळकत पत्रिका पाहावी, बँकेचा बोजा पाहावा, नोंदणी कार्यालयात तीस वर्षांचा शोध घ्यावा. इसार पावतीत मुदत आणि चतुःसीमा लिहिल्याखेरीज रुपया देऊ नये. पैसे दिले, किल्ली घेतली, एवढ्याने घर आपले होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीवाचून पुरी होत नाही, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांत कागद नोंदणीस हजर करावा लागतो. 1908 चा तो कायदा नानांना पाठ होता!

त्यांच्याच आग्रहावरून आमच्या घराचा मूळ कागद मी एका मौलवींकडून वाचवून घेतला. तो निजामी अमदानीतला, उर्दूत लिहिलेला. त्यात गावाचे नाव मोमिनाबाद. ज्या गावात दासोपंतांनी पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले, त्या गावचा मराठीचा प्राध्यापक स्वतःच्या घराचा कागद वाचायला दुसऱ्याच्या दारात बसला होता.

आश्विनात आम्ही नव्या घराच्या मालकांकडे बोलणी करायला गेलो. मालक वयस्कर होते, घर त्यांच्या वडिलांच्या नावचे. नानांच्या शिकवणीला जागून मी अगदी वकिली थाटात विचारले, "आपल्याला बहिणी किती? त्यांच्या सह्या होतील ना?" ते म्हणाले, "दोघीही येतील." माझे समाधान झाले.

परतताना मी नानांच्या मोटारसायकलवर मागे बसलो होतो. त्यांनी मान न वळवता विचारले, "सर, तुमच्या ताईंचं काय?"

"तिचं काय असणार? तिला परळीला दिलीय. लग्नात खर्च झालाच होता. भाऊबीजेला येईल, तेव्हा हक्कसोडपत्राचं बोलून घेतो."

नानांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केले. "सर, भाऊबीजेला ओवाळणी घालायची असते. मागायची नसते."

मी काय उत्तर देणार? वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते. त्यांच्या स्वकष्टार्जित घरात ताई माझ्याइतकीच वारस होती, आणि तीही 1956 च्या वारसा कायद्यापासून. 2005 च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. वर्गात लेकीसुनांच्या कथा शिकवताना माझा आवाज भरून येतो. आणि तासाभरापूर्वी दुसऱ्याच्या बहिणींच्या सह्या मीच मागितल्या होत्या, त्या माझ्या पैशाच्या काळजीपोटी. लिहून घेताना मला जी सही हवी होती, तीच लिहून देताना मला अडचण वाटत होती.

त्या रात्री ताईला फोन केला. घराची किंमत सांगितली, निम्मे तुझे म्हणालो. ती बराच वेळ बोलली नाही. खरे सांगायचे तर त्या शांततेत मी आशेने वाट पाहत होतो. आता ती म्हणेल, 'राहू दे रे, मला काय करायचेत!'

ताई म्हणाली, "बरं. येताना आधार कार्ड आणते."

मार्गशीर्षात नोंदणी झाली. कारकुनाने हाक मारली, "लिहून देणार कोण?" ताई वडील, म्हणून तिचे नाव आधी. तिने अंगठा टेकवला, फोटोसाठी पदर सारखा केला. मग तिच्या वाट्याचा धनादेश हातात घेऊन अक्षरी रक्कम दोनदा वाचली आणि पर्समध्ये ठेवला. वाचताना तिचे ओठ हलत होते. वडील मनीऑर्डरची पावती अशीच वाचत.

नवे घर तीन खोल्यांचे घ्यायचे ठरले होते, ते दोन खोल्यांचे घेतले. पुस्तकांची खोके अजून पलंगाखाली आहेत आणि त्यावरून आमच्या सौभाग्यवती अधूनमधून मला काही सुनावतात. या भाऊबीजेला ताई प्रथमच या घरी येणार आहे. पाट मांडायला जागा जरा कमी पडेल, पण ओवाळणी घालताना हात आखडणार नाही.