पोशाख आधी उलटा करा

संग्राहकाने जुना इव्हिनिंग गाऊन दुरुस्तीला आणला की मी आधी तो उलटा करते. लेबल शेवटी बघते. लेबल उसवून दुसऱ्या कपड्यावर शिवता येतं, आतलं काम मात्र कुणाला सहजासहजी खोटं करता येत नाही. पॅरिसच्या ओत कुत्यूरचा, म्हणजे उंची फॅशनचा पोशाख एकाच गिऱ्हाइकाच्या मापाने बेतलेला असतो. शिलाईत सढळ माया सोडलेली असते आणि कितीतरी टाके हातचे असतात.

फॅशन डिझायनर ख्रिस्तियाँ दिओरने फेब्रुवारी १९४७ मध्ये पहिलं कलेक्शन दाखवलं. त्यानंतरच्या दशकातला खांदे उघडे असलेला गाऊन आतून बघण्यासारखा असतो. बाहेर रेशमाचा डौल, आत ताठ पट्ट्या घातलेली चोळी आणि कमरेशी घट्ट विणीची एक रिबीन. ती मोजक्या जागीच टाचलेली असते आणि तिचे हुक वेगळे असतात. घालताना आधी ते लावायचे, मग बाहेरची चेन. खालच्या घेराचं वजन ही रिबीन कमरेवर तोलते, म्हणून वरची चोळी घसरत नाही. नंतर कुणीतरी ती निरुपयोगी समजून कापून टाकलेली दिसली की फार वाईट वाटतं.

१९२०च्या दशकातल्या मणीकामाला तर हात लावतानाही जपावं लागतं. फ्रान्समध्ये हे काम ल्युनेविल गावाच्या नावाने ओळखलं जातं. कापड चौकटीवर ताणून, आपल्या आरीसारख्याच सुईने साखळी टाका घालायचा. तिथे कारागिराकडे कापडाची उलटी बाजू असते, मणी खालच्या बाजूला बसवले जातात. एक दोरा तुटून ओढला गेला की अख्खी ओळ सुटते, म्हणून मी पहिल्यांदा सुटं टोक बांधते. त्या काळच्या काही टिकल्या जिलेटिनच्या असत. कोमट पाण्यात त्या विरघळतात, उष्णतेने वाकड्या होतात. असा पोशाख धुवायचा नाही, त्याला वाफेची इस्त्रीही दाखवायची नाही.

“अगदी नव्यासारखा करून द्या,” असं सांगणाऱ्याला मी नकार देते. जुना टाका मी काढत नाही, शेजारून बारीक रेशमी दोऱ्याचा आधार देते. शिवणारीचं नाव पोशाखावर कुठेच नसतं, तिचा टाका तेवढा असतो.

मणीकामाचा पोशाख हँगरला लावू नका, मण्यांच्या भाराने खांद्याशी शिफॉन फाटतं. फॅशन डिझायनर मादलेन व्हिओनेचा उरेब (कापडाच्या तिरक्या रेषेत) कापलेला पोशाख टांगला तर लांबत जातो. दोन्ही आम्लरहित कागदात आडवे ठेवा. आणि विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे आतल्या बाजूचे फोटो जरूर मागा.