नजर वळणाच्या पलीकडे

आज चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात एका डाव्या वळणावर समोरून ट्रक आला. माझी नजर त्याच्या बंपरवर खिळली आणि मोटारसायकल डावीकडे वळायची सोडून त्याच्याच दिशेने सरकू लागली. भीती जिथे पाहते, तिथेच हात गाडी नेतात. मी हनुवटी वळवली, डोळे डावीकडे रस्ता दिसेनासा होतो तिथे टाकले. डाव्या मुठीला पुढे हलका रेटा गेला, गाडी डावीकडे कलली, ट्रक बाजूने निघून गेला.

मग कठड्यापाशी बराच वेळ बसून राहिलो. अजून छाती धडधडते आहे.

वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर एका बिंदूत मिळालेल्या दिसतात. तो बिंदू आपल्यापासून पुढे पळत असेल तर वळण सैल होतंय. जवळ येत असेल तर ते आवळतंय, वेग अजून कमी हवा. मात्र हा वेग वळणाआधीच उतरवायचा. गाडी कललेली असताना, त्यात ओल्या रस्त्यावर, ब्रेक करकचून दाबला की चाक घसरतं. हे सगळं मला माहीत होतं. तरीही त्या क्षणी डोळे ट्रकवरच गेले. माहिती सवयीत उतरायला सराव लागतो, आणि तो रिकाम्या मैदानात, कमी वेगात करावा लागतो.

धाकट्याने परवाच नवी मोटारसायकल घेतली. रविवारी त्याला घेऊन मैदानावर जाणार आहे.