मांजरेच्या काठाने

हैदराबादहून जहीराबाद, बीदर, उदगीर या वाटेने आम्ही लातूरकडे निघतो, तेव्हा मांजरा नदीच्या उगमाच्या दिशेनेच जात असतो. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी लातूर व बीदरचा मुलूख ओलांडून तेलंगणात ‘मंजीरा’ होते, सिंगूर जलाशयातून हैदराबादची तहान भागवते आणि शेवटी गोदावरीस मिळते. त्यामुळे मराठवाड्याचा दुष्काळ हा केवळ आपल्या सोयऱ्याधायऱ्यांचा नव्हे, आपल्या घरच्या माठाचाही प्रश्न आहे.

लातूरला पाणी पुरवणारे धनेगावचे धरण २०१६च्या उन्हाळ्यात कोरडे पडले. १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातुरास आली. इकडे सिंगूरही आटले होते. हैदराबाद तरले ते कृष्णा-गोदावरीहून आणलेल्या पाण्यावर.

या वाटेवर एक गोष्ट आम्हांस उमगली, ती ही की दुष्काळ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. शिवार हिरवे असते, पण विहीर तळाला गेलेली असते. धरणात पाणी चमकते, पण दारांतून सुटू न शकणारा तो ‘मृत साठा’ असतो.

म्हणून चार ठिकाणी चौकशी करावी. पहिला पाऊस. भारतीय हवामान विभाग दर आठवड्यास जिल्हावार आकडे देतो; सरासरीहून २० ते ५९ टक्के तूट म्हणजे अपुरा पाऊस, ६० टक्क्यांपासून पुढे अत्यंत अपुरा. दुसरे धरण. केंद्रीय जल आयोगाचे साप्ताहिक पत्रक व राज्याच्या जलसंपदा विभागाचे आकडे पाहावेत. त्यांतील ‘उपयुक्त साठा’ तेवढा खरा मानावा. तिसरी विहीर. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. चौथे पीक. त्याची पैसेवारी महसूल खाते जाहीर करते. ती ५० पैशांखाली गेली की गाव टंचाईचे समजण्याची जुनी रीत आहे. यांतील बरीचशी माहिती आता संकेतस्थळांवर कोणासही पाहता येते.

गावाकडून फोन आला की “पाऊस झाला का?” एवढे विचारून थांबू नये. धरणात किती आहे, विहिरीत किती आहे, हेही विचारावे. आणि उत्तर ऐकून आपल्या घरचा नळही जरा जपून सोडावा.