नांदी

तिसरी घंटा होते. नारळ फुटलेला असतो, धूपाचा धूर विंगेत घोटाळत असतो. ऑर्गनचा भाता पायानं भरत मी षड्ज धरतो. तबलजी हातोडीचा शेवटचा ठोका देतात. दुष्यंत, दाढी लावलेले कण्व, गजरा नीट करणारी प्रियंवदा, सगळे दाटीनं उभे राहून त्या एका सुराला येऊन मिळतात. नांदी सुरू होते.

शब्दाच्या मुळाशी 'नन्द्' धातू आहे, म्हणजे आनंद. भरताच्या नाट्यशास्त्रात नांदी हे पूर्वरंगाचं अंग: आठ किंवा बारा पदांचं आशीर्वचन. लग्नामुंजीआधी नांदीश्राद्ध करतात, त्यातही हाच शब्द. नावात श्राद्ध आहे, पण शोक नाही. तिळांऐवजी जव वापरतात आणि पितरांना 'नांदीमुख' म्हणून बोलावतात. कार्य मंगल आहे, तुम्हीही या, असं ते बोलावणं. म्हणून पेपरात 'युद्धाची नांदी', 'संकटाची नांदी' वाचलं की मला फार लागतं. संकटाची चाहूल म्हणा, सुरुवात म्हणा. ज्या शब्दात आनंदच भरलाय, तो तिथे कशाला?

कालिदासाच्या 'शाकुंतला'त नांदीचा श्लोक अष्टमूर्ती शिवाचा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, त्यांची 'पंचतुंड' ही नांदीही शिवाचीच. भासाच्या नाटकांत मात्र असा श्लोक लिहिलेलाच नाही. नांदी संपल्यावर सूत्रधार येतो, एवढीच सूचना. मला ते फार आवडतं. नांदी लेखकाची नव्हे, नाटक करणाऱ्यांची.

एका गावी सत्काराची भाषणं लांबली. आयोजक आत येऊन म्हणाले, "आज नांदी राहू द्या, थेट प्रवेश घ्या." आम्ही ऐकलं. शकुंतलेचं पहिलं पद आलं आणि तिच्या आवाजाला बसायला जागाच मिळेना. तबला किंचित उतरला होता, तेही मला अंतऱ्यात कळलं. एरवी हे सगळं नांदीतच जुळून जातं. तोवर प्रेक्षक खुर्च्या शोधत असतात, आम्ही एकमेकांना. मध्यंतरात ती माझ्यापाशी आली. "काका, आज नांदी का नाही झाली?" डोळे भरलेले होते.

पुढच्याच प्रयोगाला भाषणं पुन्हा लांबली. आयोजक विंगेत आले, तेव्हा मी षड्ज धरलेला होता आणि सगळे भोवती गोळा झाले होते.