तार्त्यूफच्या सहवासात

मराठी रसिकांना मोलिएर हा फ्रेंच नाटककार अगदीच परका नाही. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संशयकल्लोळ'मधील फाल्गुनराव हा मूळचा त्याचाच मानसपुत्र. इंग्रजी रूपांतराच्या वाटेने तो आपल्याकडे आला. आचार्य अत्र्यांचे 'कवडीचुंबक'ही मोलिएरच्याच एका सुखात्मिकेवर बेतलेले आहे. परंतु ज्या नाटकापायी त्याला पाच वर्षे झगडावे लागले, ते 'तार्त्यूफ' विद्यार्थिदशेत माझ्या वाट्याला आले. अभिजात सुखात्मिकेवर निबंध लिहायचा होता आणि आशयसूत्र, संघर्ष व भाषा ही तीन अंगे प्राध्यापकांनी आखून दिली होती. घरात रोज संध्याकाळी आजीच्या मागून आम्ही जपमाळ म्हणत असू. अशा घरात वाढलेल्या मुलाने भक्तीच्या सोंगावर रचलेल्या नाटकाला मोकळेपणाने हसावे काय, हा प्रश्न मात्र प्राध्यापकांनी घातलेला नव्हता. तो माझा होता.

कथानक सरळ आहे. ऑर्गाँ नावाच्या सधन गृहस्थाला चर्चमध्ये तार्त्यूफ भेटतो. तो गुडघे टेकून मोठमोठे उसासे टाकतो, ऑर्गाँ बाहेर पडताना धावत पुढे जाऊन त्याच्या हाती पवित्र पाणी देतो. भारावलेला ऑर्गाँ त्याला घरी आणतो, वाग्दत्त मुलगी त्याला देऊ करतो, मुलाला घराबाहेर काढतो आणि सारी मालमत्ता त्याच्या नावे करून देतो. इकडे तार्त्यूफचा डोळा ऑर्गाँच्या पत्नीवर, एल्मीरवर असतो. शेवटी ती पतीला टेबलाखाली लपवून त्या साधुपुरुषाचे प्रेमालाप ऐकवते, तेव्हा कोठे त्याचे डोळे उघडतात.

वरवर पाहता हा संघर्ष लबाड आणि भोळा यांच्यातील वाटतो. तथापि पाच अंकांच्या या नाटकात तार्त्यूफ रंगमंचावर येतो तो थेट तिसऱ्या अंकात. तोपर्यंत सारे घर त्याच्यावरून भांडत असते. म्हणजे खरा संघर्ष ऑर्गाँच्या अंतःकरणात आहे. बाहेरगावाहून परतल्यावर दोरीन ही दासी त्याला मालकिणीच्या तापाची हकिकत सांगते. तो विचारतो तार्त्यूफविषयी. या महाशयांनी दोन तितर आणि मेंढ्याची अर्धी तंगडी फस्त केली, हे ऐकूनही ऑर्गाँला कीव येते ती त्यांचीच. असे एकदा नव्हे, चार वेळा घडते. प्रेक्षक हसतात आणि हसता हसता त्यांच्या लक्षात येते की, या घरातील प्रेमाचा झरा आटत चालला आहे.

भाषेच्या अंगाने पाहताना मी थबकलो. तार्त्यूफ शिवीगाळ करीत नाही, पाखंडी बोलत नाही. त्याच्या तोंडी स्वर्ग, कृपा, प्रायश्चित्त, नम्रता हेच शब्द आहेत. परस्त्रीची अभिलाषाही तो प्रार्थनेच्याच परिभाषेत बोलून दाखवतो. त्याच्या शिकवणीने ऑर्गाँ अभिमानाने सांगतो की, भाऊ, मुले, आई, पत्नी मेली तरी आपल्याला काडीचेही दुःख होणार नाही. हे वाचताना लूकच्या शुभवर्तमानातील चौदावा अध्याय मला आठवला. शिष्यत्वासाठी आप्तांच्या मायेपलीकडे जाण्याची तेथील हाक मी मिस्साच्या वेळी अनेकदा ऐकली होती. त्याच हाकेची येथे इतकी विटंबना झाली होती, की निष्ठुरपणालाच वैराग्य म्हटले जात होते. उलट दोरीनची बोली रोखठोक, स्वयंपाकघरातली. पण घरातील प्रत्येकाचे दुःख तिला कळते.

साहजिकच या नाटकाने वादळ उठले. 12 मे 1664 रोजी व्हर्सायला ते प्रथम झाले आणि जाहीर प्रयोगांवर बंदी आली. पॅरिसच्या एका धर्मगुरूने मोलिएरला मानवी देहातील सैतान म्हटले. 1667 मध्ये नाव आणि रूप बदलून केलेला प्रयोग दुसऱ्याच दिवशी बंद पडला. पॅरिसच्या आर्चबिशपांनी तर ते नाटक करणाऱ्यालाच नव्हे, वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही बहिष्काराची ताकीद दिली. अखेर 5 फेब्रुवारी 1669 रोजी परवानगी मिळाली. मोलिएरचे म्हणणे असे की, दुष्ट म्हणवून घेणे माणसाला चालते, हास्यास्पद ठरणे चालत नाही. म्हणून दोष सुधारण्यास हास्य समर्थ आहे. धर्माधिकाऱ्यांची भीती मला समजते. खरी आणि खोटी भक्ती बाहेरून सारखीच दिसते. एकीला हसताना दुसरीला धक्का लागणारच. पण परुशी आणि जकातदाराचा दाखला सांगताना प्रभूने ही जोखीम स्वतःच पत्करली होती.

मला अखेर उत्तर मिळाले ते पाचव्या अंकात. फसगत उमगताच ऑर्गाँ जाहीर करतो की, यापुढे सज्जन म्हणून कुणाचे तोंड पाहणार नाही. त्याचा मेहुणा क्लेआंत त्याला अडवतो: एका ठकाने फसवले म्हणून सारेच भक्त ठक कसे ठरतील? हे वाचताना मला माझे काका दिसू लागले. पहिल्या बाकावर बसणाऱ्या एका गृहस्थाने त्यांची पुंजी गिळली होती. तेव्हापासून काकांनी चर्चची पायरी चढणे सोडले. त्यांचा संताप रास्त होता. पण गमावलेल्या पैशांबरोबर आयुष्यभराची प्रार्थनाही ते त्या माणसालाच देऊन बसले होते. क्लेआंतचे बोलणे मी एका रविवारी त्यांना मराठीत समजावून सांगितले. टेबलाखालच्या ऑर्गाँपर्यंत ते खळखळून हसले, मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

नाटकाच्या शेवटी राजाचा अधिकारी तार्त्यूफला पकडतो. ऑर्गाँ त्याच्यावर तुटून पडू पाहतो, तेव्हाही क्लेआंतच पुढे होतो. पडलेल्याला लाथ मारू नकोस, त्याचे मन पालटावे अशी इच्छा धर, असे तो सांगतो. दांभिकतेवरील इतक्या जहाल प्रहसनात दांभिकासाठीही पश्चात्तापाचे दार उघडे राहते. निबंधाच्या अखेरीस मी एवढेच नोंदवले की, मोलिएरने भक्तीची टवाळी केली हा आरोप ज्यांनी केला, त्यांनी हा शेवटचा प्रवेश पुन्हा एकदा शांतपणे वाचावा.