आई कोणती, लेक कोणती?

मी यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसले आहे. शहागडात राहून, घरचं आणि शेतातलं सांभाळून. धास्ती गणिताची होती. अडवलं मात्र विज्ञानाच्या दुसऱ्या भागातल्या एका धड्यानं. द्विविभाजन, कलिकायन, खंडीभवन, पुनर्जनन, मुकुलायन अशी प्रजननाच्या प्रकारांची नावं पाठ झाली. पण अमिबाशी येऊन डोकं चालेना. आधी केंद्रक दुभागतं, मग पेशीद्रव्य, आणि एकाचे दोन अमिबा होतात. मग पहिला गेला कुठं? मेला म्हणावं तर मागं काही उरलेलं नाही. जिवंत म्हणावं तर दोघांतला तो कोणता? मला दोन लेकरं आहेत. बाळंतपणात एका जिवातून दुसरा वेगळा होतो, हे मी सोसून शिकले आहे. इथं तर आईच वाटली जाते.

संपर्क केंद्राच्या शाळेतल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, अमिबा राहू द्या. आधी किण्व बघा." किण्व म्हणजे बेकरीवाले पावात घालतात ते यीस्ट. त्याचे कोरडे दाणे कोमट साखरपाण्यात टाकले. थोड्या वेळानं फेस वर आला, तसा त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेतला.

सूक्ष्मदर्शकात आधी नुसता धूसर उजेड दिसला. सरांनी स्क्रू हळूच फिरवला आणि एकदम गोल-लांबट पेशींचा घोळका समोर आला. एकेक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. काहींच्या कडेला बारीक फुगवटा होता, एकीचा तर तिच्या निम्म्याएवढा. ती कलिका. ती वाढते, तिला केंद्रकाचा वाटा मिळतो, मग ती सुटून स्वतंत्र जगते. पुरेशी ऊब आणि साखर असली तर साधारण दीड-दोन तासांत हे सगळं उरकतं.

इथं आई ओळखू येते. सर सांगत होते, कलिका सुटते तिथं आईच्या अंगावर वण राहतो. तो आमच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, त्याला खास रंग लागतो. अशी एक पेशी साधारण वीस-तीस लेकी देते, मग थकते आणि मरते. लेकीचं मोजणं मात्र पुन्हा शून्यापासून सुरू होतं. हे आमच्या धड्यात नाही. असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. एवढ्याशा जिवालाही म्हातारपण आहे, हे कळल्यावर तो मला परका वाटेना.

मग खंडीभवन बघायचं होतं. त्याच्या शेवाळासाठी लांब जावं लागलं नाही. धुळे-सोलापूर महामार्गाचा पूल आहे, त्याच्या खाली गोदावरीचं पाणी ओसरलं की डबकी राहतात. तिथलं हिरवं, बोटांतून निसटणारं शेवाळ आणलं. त्यात स्पायरोगायरा निघाली. काचेच्या नळीत हिरवी रिबीन गोल गोल गुंडाळून ठेवावी, तशी एकेक पेशी. तिचा धागा तुटला की प्रत्येक तुकडा वाढून नवा धागा होतो. हेच खंडीभवन.

मग पुनर्जननासाठी हायड्राची गोष्ट वाचली. १७४० साली हॉलंडमध्ये दोन मुलांची शिकवणी घेणारे एब्राहम त्रांब्ले यांना डबक्याच्या पाण्यात तो सापडला. वनस्पती की प्राणी, तेच त्यांना उमगेना. म्हणून त्यांनी तो मधोमध कापला. दोन्ही तुकडे जगले तर वनस्पती, असा त्यांचा हिशोब. दोन्ही जगले, पुरते हायड्रा झाले. पण तो तर जागा बदलत होता, भक्ष्य धरून खात होता! त्यांचा गोंधळ वाचून मला फार धीर आला.

आणि मग ऊस आठवला. दोन डोळ्यांची टिपरी तोडून सरीत दाबायची, हे लग्न होऊन आल्यापासून करते आहे. शिवारभर उभा असलेला ८६०३२ हा वाण म्हणजे कोईमतूरला निवडलेल्या एकाच रोपाचे तुकडे, पुन्हा पुन्हा लावलेले. ते रोपही मेलं म्हणता येत नाही. मात्र सगळे सारखे, म्हणून दुखणंही सगळ्यांना सारखंच लागतं. उत्तर प्रदेशात ०२३८ या एकाच वाणाखाली फार मोठं क्षेत्र होतं. त्यावर लाल कूज पडली तेव्हा फडच्या फड वाळले.

स्पायरोगायराकडे यावर तोड आहे. परिस्थिती बिघडली की दोन धागे शेजारी येतात, पेशी-पेशींमध्ये नळ्या जुळतात आणि एकीतला जीवांश दुसरीत उतरतो. दोघींचा मिळून जाड कवचाचा बीजाणू बनतो, एकीची नुसती नक्कल नव्हे. तो चिखलात पडून राहतो आणि पाणी आलं की रुजतो. धागे जुळलेले असताना शिडीसारखे दिसतात म्हणे. सर म्हणाले, डबकी आटत आली की पुन्हा शेवाळ आणून बघा, नशीब असेल तर सापडेल. तोवर माझा विज्ञानाचा पेपर होऊन गेलेला असेल. तरी मी आणणार आहे; सूक्ष्मदर्शक तेवढा द्या, असं सरांना आत्ताच सांगून ठेवलंय.